कॅराव्हॅनमधील आवश्यक सोयी व सुधारणा

कॅराव्हॅन म्हणजे प्रवास आणि मुक्काम या दोन्हींसाठी बांधलेले किंवा तसे रूपांतरित केलेले वाहन. त्यात झोपण्याची, स्वयंपाकाची, बसण्याची आणि सामान ठेवण्याची कायमस्वरूपी व्यवस्था असते. ज्या कॅराव्हॅनला स्वतःचे इंजिन असते तिला मोटार-कॅराव्हॅन म्हणतात. दुसऱ्या वाहनामागे जोडून ओढून नेली जाते ती ट्रेलर-कॅराव्हॅन. प्रस्तुत लेखात अशा वाहनात कोणत्या सोयी अनिवार्य ठरतात आणि मूळ वाहनात कोणत्या सुधारणा कराव्या लागतात, याची माहिती महाराष्ट्रातील सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या संदर्भात दिली आहे. महाबळेश्वरचा पाऊस आणि जतचा दुष्काळ हे दोन्ही याच दोन जिल्ह्यांत, एका दिवसाच्या प्रवासाच्या अंतरात येतात. त्यामुळे कॅराव्हॅनच्या बहुतेक सर्व सोयींची परीक्षा येथे होते.

नाव आणि व्याख्या

‘कॅराव्हॅन’ हा शब्द इंग्रजीतून आला असला तरी त्याचे मूळ फारसीतील ‘कारवान’ या शब्दात आहे. हिंदी-उर्दूतील ‘कारवाँ’ हा त्याचाच भाऊबंद. मराठीत या अर्थाला ‘तांडा’ हा जुना शब्द आहे. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून दूरवर व्यापार करणाऱ्या बंजाऱ्यांच्या समूहाला तो लावला जाई. आजच्या कॅराव्हॅनमध्ये बहुधा एकच कुटुंब असते, त्यामुळे ‘तांडा’ हा शब्द तिला लागू पडला नाही. मराठी वृत्तपत्रांत आणि शासकीय कागदपत्रांत ‘कॅराव्हॅन’ हेच रूप रुळले आहे.

आंतरराष्ट्रीय वाहन-वर्गीकरणानुसार मोटार-कॅराव्हॅनमध्ये किमान चार गोष्टी असाव्या लागतात : आसने व टेबल, झोपण्याची सोय (ती आसनांतूनच तयार होणारी असली तरी चालते), स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवण्याची सोय. या चारही गोष्टी वाहनाच्या निवासी भागात पक्क्या बसवलेल्या असल्या पाहिजेत. टेबल मात्र सहज काढता येणारे असले तरी हरकत नसते. या व्याख्येत शौचालयाचा उल्लेख नाही, सांडपाण्याच्या टाकीचाही नाही. कागदोपत्री कॅराव्हॅन ठरण्यासाठी त्यांची गरज नसली, तरी सह्याद्रीच्या माथ्यावर मुक्काम करणाऱ्या वाहनात त्या नसतील तर ते वाहन अपुरेच मानावे लागते.

चाकांवरील मुक्कामाची पूर्वपरंपरा

केवळ हौसेच्या प्रवासासाठी बांधलेले पहिले कॅराव्हॅन म्हणून ‘वाँडरर’ या घोडागाडीचा उल्लेख केला जातो. स्कॉटिश लेखक गॉर्डन स्टेबल्स यांच्यासाठी ती १८८५ मध्ये ब्रिस्टल वॅगन वर्क्स या कारखान्यात तयार झाली. मोटारीमागे ओढण्याची कॅराव्हॅन पुढे विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत लोकप्रिय झाली.

कृष्णाकाठी चाकांवरचा मुक्काम हौसेपेक्षा गरजेतून आला. पुसेगाव, म्हसवड, पाली, खरसुंडी येथील यात्रांना जाणारी कुटुंबे बैलगाडीला तट्ट्याचे किंवा ताडपत्रीचे छत घालीत. खाली कडबा, त्यावर घोंगडी आणि मागे शिध्याचे गाठोडे असे. रात्री गाडी सोडली की तीच निवारा होई. तमाशा फडांची रचना याहून मोठी. सांगली जिल्ह्यातील कवलापूर हे काळू-बाळू या जुळ्या भावांच्या तमाशामुळे प्रसिद्ध झालेले गाव. अशा फडांच्या ट्रकांतून रंगमंचाचे सामान, कनाती, जनरेटर, स्वयंपाकाची भांडी आणि माणसे एकत्र प्रवास करीत, आणि हंगामभर तोच त्यांचा संसार असे.

आजही दरवर्षी नियमाने दिसणारे उदाहरण पालखी सोहळ्याचे आहे. संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा नदी ओलांडून पाडेगाव येथे सातारा जिल्ह्यात प्रवेश करते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करीत पुढे सोलापूर जिल्ह्यात जाते. चालणाऱ्या वारकऱ्यांच्या दिंड्यांबरोबर सामानाचा ट्रक आणि पाण्याचा टँकर असतो. ट्रकमध्ये तंबू, सतरंज्या, शिधा, मोठी पातेली आणि गॅसच्या शेगड्या यांची जागा ठरलेली असते. जी वस्तू मुक्कामावर सर्वांत आधी लागणार ती सर्वांत शेवटी भरायची, हा या ट्रकांचा नियम कॅराव्हॅनच्या अंतर्गत मांडणीलाही तसाच लागू पडतो. महागड्या कॅराव्हॅनमध्येही चहाचे आधण ठेवण्यासाठी निम्मे सामान बाहेर काढावे लागत असेल, तर दिंडीचा ट्रक तिच्यापेक्षा शहाणा म्हटला पाहिजे.

वजन, ब्रेक आणि घाट

कॅराव्हॅन घेणारे पर्यटक प्रथम वातानुकूलन, दूरचित्रवाणी संच आणि गादीची चौकशी करतात. सातारा जिल्ह्यात पहिला प्रश्न ब्रेकचा असला पाहिजे.

वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला जाताना सुमारे बारा किलोमीटरांत रस्ता पाचशे मीटरांहून अधिक चढतो. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाट, मेढ्याकडून महाबळेश्वरला चढणारा केळघर घाट, पाटणहून चिपळूणकडे जाणारा कुंभार्ली घाट आणि साताऱ्याहून कासला जाताना लागणारा यवतेश्वर घाट हे सर्व वळणावळणाचे आहेत. पुणे-बंगळूर महामार्गावरील खंबाटकी घाटात पुण्याकडे येणारी वाहने जुन्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर उताराच्या ज्या वळणाला सामोरी जात, ते वळण अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे.

तीन टन वजनाचे वाहन साडेपाचशे मीटर उंचीवरून खाली येते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, ती सुमारे साडेचार युनिट विजेइतकी भरते. साधारण पन्नास लिटर पाणी उकळीला आणण्यास एवढी ऊर्जा पुरते. चालकाने केवळ पायाच्या ब्रेकवर भिस्त ठेवली, तर यातील बरीचशी उष्णता ब्रेकच्या चकत्यांत आणि अस्तरांत साठते. अस्तरे तापली की त्यांची पकड कमी होते. ब्रेकचे तेल जुने असून त्यात पाणी शिरलेले असल्यास तेलात वाफेचे बुडबुडे होतात आणि ब्रेकचे पायडल मऊ पडून खाली जाते. ज्या गिअरमध्ये घाट चढला जातो त्याच किंवा त्याखालच्या गिअरमध्ये उतरावे, ही चालकांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट या कारणाने खरी आहे. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून इंधन वाचवण्याची सवय कॅराव्हॅनमध्ये जिवावर बेतू शकते.

यावरून सुधारणांचा क्रम ठरतो. ब्रेकचे तेल वेळेवर बदलणे, चांगल्या प्रतीची अस्तरे बसवणे आणि वाहनाचे भारित वजन वजनकाट्यावर तपासणे ही तीन कामे कोणत्याही शोभेच्या कामाआधी करावी लागतात. साखर कारखान्यांमुळे या दोन्ही जिल्ह्यांत वजनकाटे ठिकठिकाणी आहेत, ही एक सोयच म्हणायची. वाहनाच्या नोंदणीपत्रात कमाल भारित वजन दिलेले असते. टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या वाहनाचे रूपांतर करताना प्लायवूडची कपाटे, दीडशे लिटर पाणी, दोन शिसे-आम्ल बॅटऱ्या, छतावरचा वातानुकूलक आणि बाजूची उघडणारी कनात एवढे मिळूनच काहीशे किलो भरतात, आणि अद्याप माणसे बसलेली नसतात. पाण्याच्या बाबतीत हिशोब सोपा आहे : एक लिटर म्हणजे एक किलो. म्हणून घाटाच्या पायथ्याशी टाकी काठोकाठ भरण्यापेक्षा मुक्कामाजवळ भरणे हिताचे. छतावर जड सामान ठेवल्यास गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर गाडी अधिक कलते.

ट्रेलर-कॅराव्हॅनला आणखी काही गोष्टी लागतात. ट्रेलरच्या पुढच्या दांड्याचा ओढणाऱ्या वाहनावर पडणारा भार फार कमी असेल, तर वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो. एकूण वजनाच्या तुलनेत हा भार युरोपीय पद्धतीत साधारण ५ ते ७ टक्के, तर अमेरिकी पद्धतीत १० ते १५ टक्के ठेवतात. त्यासाठी जड वस्तू आसाच्या वर किंवा किंचित पुढे, आणि जमिनीलगत ठेवाव्या लागतात. युरोपात ७५० किलोपेक्षा जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे बंधनकारक आहे. सह्याद्रीच्या घाटांत त्याहून हलक्या ट्रेलरलाही ते असावेत. जोडणी निसटल्यास ट्रेलरचे ब्रेक आपोआप लावणारी तार ही स्वस्त आणि अत्यंत महत्त्वाची वस्तू होय. अरुंद घाटात समोरून एस.टी. आली असता ट्रेलर मागे घेणे हे कौशल्याचे काम आहे. ते मोकळ्या मैदानावर शिकून मगच घाटात यावे.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात : पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. ‘२३२१’ याचा अर्थ २०२१ सालचा तेविसावा आठवडा. कॅराव्हॅन वर्षातील बराच काळ उभी असते, त्यामुळे नक्षी शाबूत दिसत असूनही रबर कडक होऊन चिरते. पाच-सहा वर्षांनंतर टायर नक्षी पाहून ठेवू नयेत, तारीख पाहून बदलावेत.

पाणी आणि सांडपाणी

कॅराव्हॅनमध्ये पाण्याच्या तीन टाक्या कल्पिल्या जातात. पहिली स्वच्छ पाण्याची, दुसरी भांडी व आंघोळीच्या सांडपाण्याची आणि तिसरी मैल्याची. भारतात रूपांतरित केलेल्या अनेक वाहनांत पहिली टाकी मोठी असते, दुसरी नसते किंवा नावापुरती असते. बेसिनची नळी सरळ खाली रस्त्यावर सोडलेली असते. येथील भूगोल पाहता ही सर्वांत गंभीर उणीव आहे.

कास पठार साताऱ्यापासून सुमारे पंचवीस किलोमीटरांवर आहे. पश्चिम घाटातील ज्या स्थळांना युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत कासचा समावेश आहे. पठारावर जांभ्या खडकाचा कातळ आणि त्यावर मातीचा अगदी पातळ थर असतो. त्या थरावरच ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत फुलणाऱ्या वनस्पती जगतात. तेथे ओतलेले साबणाचे पाणी जमिनीत खोल मुरत नाही, कातळावरून वाहत जाते. जवळच्या कास तलावातून सातारा शहराला पिण्याचे पाणी मिळते. महाबळेश्वरचा वेण्णा तलावही असाच पिण्याच्या पाण्याचा स्रोत आहे. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाई आणि कऱ्हाडवरून सांगलीला येते, आणि सांगली शहर तिचेच पाणी पिते. माथ्यावर रिकामी केलेली टाकी कोणाच्या तरी तांब्यात उतरते, याची जाणीव ठेवून टाक्यांची योजना करावी लागते.

सांडपाण्याची टाकी स्वच्छ पाण्याच्या टाकीएवढी किंवा किंचितच लहान असावी, असा व्यवहारी ठोकताळा आहे. दोन माणसांना काटकसरीने दोन दिवस राहायचे असल्यास साठ ते ऐंशी लिटर पाणी पुरते. मात्र त्यात रोजच्या बादलीभर आंघोळीचा हिशोब बसत नाही. जत, आटपाडी, कवठे महांकाळ या तालुक्यांत उन्हाळ्यात गावे टँकरवर अवलंबून असल्याचे प्रसंग वारंवार येतात. अशा गावात थांबून शंभर लिटरची टाकी भरून मागणे शिष्टाचाराला धरून नाही. पाणी मिरज, सांगली किंवा विटा येथेच भरून घ्यावे. पंप पायाने चालणारा असल्यास विजेच्या पंपापेक्षा पाणी कमी खर्च होते. टाकीला आतून हात घालून धुता येईल एवढे झाकण असणे ही किरकोळ वाटणारी पण मोलाची गोष्ट आहे. ती नसेल तर महिनाभरात आत शेवाळ धरते आणि बाहेरून कळतही नाही.

शौचालयाचे दोन प्रकार लहान वाहनांत सोयीचे ठरतात. पहिल्यात आसनाखाली सुमारे वीस लिटरची बाहेर काढता येणारी पेटी असते; ती भरल्यावर सेप्टिक टाकीला जोडलेल्या शौचालयात रिकामी करतात. पेटीत टाकण्याची काही रसायने फॉर्माल्डिहाइडयुक्त असतात आणि सेप्टिक टाकीतील उपयुक्त जिवाणूंना मारतात, म्हणून विकरयुक्त द्रव्य वापरणे इष्ट. दुसऱ्या प्रकारात मूत्र वेगळे करून मैल्यावर नारळाच्या काथ्याचा भुसा किंवा लाकडाचा भुसा टाकतात. त्यात पाणी लागत नाही, दुर्गंधीही कमी असते. दुष्काळी पूर्व भागासाठी हा प्रकार अधिक योग्य. मात्र मूत्राचा डबा रोज रिकामा करावा लागतो, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत.

हवा, पाऊस आणि ओल

महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जत-आटपाडीकडे तो ५०० मिलिमीटरांच्या आसपास असतो. पहिल्या ठिकाणी कॅराव्हॅन कोरडी ठेवण्याचा प्रश्न, दुसऱ्या ठिकाणी ती निववण्याचा.

गळती बहुधा छतावरच्या सांध्यांतून, पंख्याच्या चौकटीतून आणि नंतर पाडलेल्या भोकांतून होते. सौरपट्ट बसवताना घातलेला प्रत्येक स्क्रू हा गळतीचा संभाव्य मार्ग आहे. सांधे वर्षातून एकदा, वैशाखात, तपासून नव्याने भरून घ्यावेत. आतील चौकट लाकडी असल्यास गळती दिसेपर्यंत लाकूड कुजलेले असते. भिंतीला हाताने दाबून पाहणे ही जुने वाहन विकत घेतानाची साधी चाचणी.

आतली ओल मात्र पावसाइतकीच माणसांपासून येते. बंद वाहनात झोपलेली दोन माणसे रात्रभरात श्वास व घामावाटे सुमारे अर्धा लिटर पाणी हवेत सोडतात. हे पाणी थंड पत्र्यावर आणि काचांवर दवासारखे जमते, गादीखाली झिरपते आणि तेथे बुरशी धरते. यावर उपाय दोन : भिंतीत उष्णतारोधक थर आणि छतावर दोन्ही दिशांनी फिरणारा पंखा. खाली एक झरोका उघडा ठेवून पंख्याने वरची हवा बाहेर टाकल्यास ओल जमत नाही. गादीखाली लाकडी पट्ट्यांची जाळी ठेवली की हवा खेळती राहते. एप्रिलच्या दुपारी मिरजेच्या उन्हात हाच पंखा कामाला येतो. सावली मिळण्यासारखी असताना ती सोडून वातानुकूलक लावणे ही विजेची उधळपट्टी होय. खिडक्यांना मच्छरजाळी असणे अनिवार्य. शिवसागर जलाशयाकाठी बामणोली किंवा तापोळ्याला एक संध्याकाळ काढली की याचे कारण वेगळे सांगावे लागत नाही.

स्वयंपाक आणि गॅस

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो वर न जाता जमिनीलगत साठतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा निवासी भागापासून हवाबंद आणि बाहेरच्या बाजूने उघडणारा असावा, आणि त्याच्या तळाला थेट बाहेर उघडणारे छिद्र असावे. हे छिद्र पाणी येते म्हणून बुजवू नये. घरगुती मोठ्या सिलिंडरऐवजी पाच किलोचा सिलिंडर पुरतो व वजनही वाचते. वाहन चालू असताना झडप बंद ठेवावी. रबरी नळीवर आयएसआय चिन्ह आणि मुदत पाहावी.

याहूनही घातक आणि कमी चर्चिला जाणारा धोका कार्बन मोनॉक्साइडचा आहे. महाबळेश्वर-पाचगणीच्या थंडीत रात्री ऊब म्हणून कोळशाची शेगडी आत घेऊन दारे-खिडक्या लावणे हे उघड मृत्यूला बोलावणे आहे. या वायूला रंग नाही, वास नाही; झोपेतच माणूस बेशुद्ध होतो. निखारे विझल्यासारखे दिसले तरी तो निर्माण होत राहतो. जनरेटरचा धूर किंवा शेजारी चालू ठेवलेल्या वाहनाचा धूरही खिडकीतून आत येऊ शकतो. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड सूचक आणि जमिनीलगत बसवलेला गॅस-सूचक, तसेच दाराजवळ एक किलोचे तरी अग्निशामक नळकांडे ही तीन उपकरणे सुखसोयींच्या यादीत न धरता वाहनाचाच भाग समजावीत. ऊब हवी असल्यास घोंगडी आणि गरम पाण्याची पिशवी पुरेशी असते. या भागातील थंडी त्यापलीकडची नाही.

वीज

इंजिनच्या बॅटरीवर मुक्कामाची वीज वापरल्यास सकाळी गाडी सुरू होत नाही, म्हणून निवासी भागासाठी स्वतंत्र बॅटरी असते. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १.२ युनिट वीज मावते. शिसे-आम्ल बॅटरीतून त्यापैकी निम्मीच वापरावी, अन्यथा तिचे आयुष्य झपाट्याने घटते. लिथियम लोह फॉस्फेट बॅटरीतून ऐंशी ते नव्वद टक्के वापरता येते आणि तिचे वजनही निम्म्याहून कमी असते.

गरजेचा हिशोब असा मांडतात : २५ वॅटचा पंखा दहा तास चालला तर पाव युनिट, लहान फ्रीजला दिवसाला सुमारे अर्धा युनिट, दिवे व मोबाइल यांना मिळून पाव युनिटाच्या आत. म्हणजे दिवसाला एक युनिट. २०० वॅटचा सौरपट्ट मार्चच्या स्वच्छ उन्हात जवळपास एवढी वीज देतो. जुलैत महाबळेश्वरच्या धुक्यात त्याच पट्टाकडून फार थोडी अपेक्षा करता येते. तेव्हा चालत्या इंजिनकडून बॅटरी भरून घेणारा डीसी-टू-डीसी चार्जर उपयोगी पडतो. वातानुकूलकाला ताशी एक ते दीड युनिट लागते. तो बॅटरीवर रात्रभर चालवण्याचा हट्ट धरला, की बॅटऱ्यांची संख्या, वजन आणि खर्च तिन्ही वाढतात, आणि प्रश्न पुन्हा पसरणी घाटातल्या ब्रेकपाशी येऊन थांबतो.

बाहेरून २३० व्होल्टची जोडणी घ्यायची असल्यास ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळती-संरक्षक स्विच वाहनात असलाच पाहिजे. ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या पत्र्याच्या वाहनात सदोष अर्थिंगचा धक्का प्राणघातक ठरतो.

उभे करण्याची जागा

सांगली जिल्ह्याच्या कृष्णाकाठच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात दगडासारखी वाटणारी जमीन एका वळवाच्या सरीने चिखल होते आणि चाके रुततात. मजबूत ओढदोर, फावडे आणि चाकाखाली घालायच्या दोन फळ्या म्हणून सोबत असाव्यात. त्याच फळ्या उतारावर वाहन सपाट करण्यासही उपयोगी पडतात. पावसाळ्यात नदीकाठी, विशेषतः औदुंबर किंवा सांगलीच्या घाटांजवळ, रात्रीचा मुक्काम टाळावा. सांगलीत कृष्णेच्या पातळीची खूण आयर्विन पुलावर पाहतात. तेथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्याही वर गेले होते.

वाहनाची उंची मोजून ती चालकासमोर ठळक लिहून ठेवावी. जुन्या रस्त्यांवरील वडांच्या फांद्या, गावांतील लोंबत्या तारा, यात्रेच्या कमानी आणि रेल्वेखालचे बोगदे ही छतावरच्या पंख्याची नेहमीची शत्रुस्थाने आहेत.

कायदा आणि धोरण

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. साध्या प्रवासी वाहनाची आसने काढून पलंग बसवण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाची परवानगी आणि नंतर नोंदणीपत्रात नोंद आवश्यक असते. ती नसल्यास अपघातानंतर विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो. मोटार-कॅराव्हॅनच्या बांधणीसाठी एआयएस-१२४ हे भारतीय मानक आहे. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर यांचा समावेश केंद्र शासनाच्या वर्गीकरणात बिगर-परिवहन वाहनांत होतो. भाड्याने देण्याच्या वाहनांना परिवहन वाहनांचे नियम लागतात. ७,५०० किलोपर्यंत भारित वजनाचे वाहन हलक्या मोटार वाहनाच्या वर्गात येते.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनासाठी धोरण जाहीर केले. केरळनेही त्याच वर्षी आपले धोरण आणले. महाराष्ट्राच्या धोरणात वाहनांबरोबर कॅराव्हॅन पार्कचीही कल्पना आहे : वाहने उभी करण्याच्या आखलेल्या जागा, पाणी, वीज आणि स्वच्छतागृहे असलेली ठिकाणे. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित असल्याने तेथे नव्या बांधकामावर निर्बंध आहेत. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, तसेच सागरेश्वर अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीवाचून रात्री थांबता येत नाही. कास पठारावर फुलांच्या हंगामात प्रवेशशुल्क असते आणि वाहने ठरवून दिलेल्या वाहनतळावरच उभी करावी लागतात.

त्यामुळे प्रत्यक्षात मुक्कामासाठी कृषी पर्यटन केंद्रे, मंदिरांचे भक्तनिवास, हॉटेलांची आवारे आणि ओळखीच्या शेतकऱ्यांची खळी यांचाच आधार घेतला जातो. तेथे थांबण्यापूर्वी पाणी, वीज आणि मैल्याची पेटी रिकामी करण्याची जागा या तीन गोष्टी फोनवरच विचारून घेतात.